वच्छी मागं चालते

संक्रांत होऊन गेली होती, पण हे मैनाबाईला सांगणार कोण? अकोल्याहून ती आलीच मुळी उशिरा. मूर्तिजापूरला गाडी बदलायची, एलिचपूरपर्यंत लहान रेल्वे, तिथून चांदूर बाजारच्या वाटेनं बैलगाडी, आणि एवढ्या सगळ्या प्रवासात मांडीवर एक डबा, ज्याला तिनं कुणाचा हात लागू दिला नाही. डब्यात हलव्याचे दागिने होते. धाकट्या भावाच्या लेकीची लूट, म्हणजे बोरन्हाण, मीच करीन, असं तिनं दिवाळीतच बजावून ठेवलं होतं. मैनाबाईनं बजावलं आणि झालं नाही, असं नत्थुजी माळ्याच्या घरात आजवर घडलं नव्हतं.

"आमच्या लेकराईवर कोणी बोरं ओतले नाही, तरी ते वाढलेच नं," असं मनकर्णाबाई सकाळपासून पुटपुटत होती. पण पुटपुटता पुटपुटता तिनंच टोपलीभर बोरं निवडली, उसाचे बारीक करवे केले आणि मुरमुऱ्यांत रेवड्या मिसळून ठेवल्या. लेक अकोल्याच्या शेजारणींकडून काहीतरी नवं शिकून यायची, आई आधी नाक मुरडायची आणि मग त्याच कामाला पदर खोचून लागायची. मायलेकींचं हे असंच चाललेलं होतं.

तिसऱ्या प्रहरी अंगणात पाट मांडला. पाटावर वच्छी. दीड वर्षाची, काळं झबलं घातलेली, डोक्यावरचा हलव्याचा मुकुट चाटायला मिळेना म्हणून चिडलेली. गल्लीतली सगळी पोरं भोवती दबा धरून बसली होती. मैनाबाईनं माप भरलं आणि वच्छीच्या डोक्यावरून बोरं, करवे, मुरमुरे असे धो धो ओतले. पोरं तुटून पडली. वच्छीची मोठी बहीण सत्यवती चार वर्षांची, पण तिनं आपला परकर असा पसरून धरला, की अर्धी लूट तिच्याच ओच्यात जमा झाली. बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या.

"आता आत्याकडं ये," मैनाबाई अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली आणि तिनं रेवडी दाखवली. "ये वं माय माझी. ये चालत."

वच्छी उठली. रेवडीकडे तिनं नीट पाहून घेतलं. मग सावकाश पाठ फिरवली आणि आत्याच्या दिशेनं मागं मागं चालू लागली.

चालत होती मात्र झकास. न डगमगता, न पडता, एकेक टाच मागं टेकवत. पोरांमधून, मुरमुऱ्यांवरून ती तशीच येत राहिली, वाटेत बोरांची टोपली टाचेला लागली आणि ती फतकन टोपलीतच बसली. अंगण खदखदून हसलं. मैनाबाईनं तिला उचलून पुन्हा पाटापाशी उभं केलं. पुन्हा तेच. रेवडीकडे पाहायचं, पाठ फिरवायची आणि उलटं चालायचं. तिसऱ्यांदा कुणी हसलं नाही.

"कधीपासून चालून राह्यली ही?" मैनाबाईनं विचारलं.

"पंधरवडा झाला असन," मनकर्णाबाई म्हणाली. "मले वाटलं, खेयते."

शेजारची आशाबाई पदर सावरून उठली. "उलट्या पायानं कोण चालते, ते काही मी सांगाले नाही पाह्यजे," असं म्हणून तिनं आपल्या दोन्ही नातवांना दंडाला धरून घरी नेलं. मग बाकीच्याही बायका, कुणाचं दूध उतू जातंय, कुणाची गाय दावं तोडतेय, असं काहीबाही सांगत निघून गेल्या. अंगणात घरची माणसं उरली. वच्छी शांतपणे मुकुट चाटत होती.

मनकर्णाबाईचा जीव खरं तर पंधरवड्यापासूनच थाऱ्यावर नव्हता. नातीला उलटं चालताना तिनं रोज पाहिलं होतं, रोज मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या होत्या, आणि जोवर कुणी म्हणत नाही तोवर ते नाहीच, अशी स्वतःची समजूत काढली होती. आता आशाबाई म्हणून गेली. म्हणजे उद्या गाव म्हणणार.

"पाय सुलटे आहेत माय," मैनाबाईनं वच्छीचे तळवे उलटेपालटे करून पाहिले. "चाल तेवढी उलटी आहे."

"म्हणूनच तं. पाय उलटे असते तं हाड बसवून घेतलं असतं. चाल कोण बसवीन?"

दिवेलागणीच्या आधी सगळे ओसरीवर जमले. नत्थुजी भिंतीला पाठ लावून बसले होते. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते वावरात जात नसत, मोट त्यांनी मुलाच्या हाती दिली होती. भाजीच्या गाडीबरोबर सुनेला घेऊन ते बाजारापर्यंत जात आणि दिवसभर तिथंच बसत. पण घरातला शेवटचा शब्द अजून त्यांचाच होता आणि तो शब्द ते तंबाखू मळून झाल्याशिवाय काढत नसत.

गोवर्धन, वच्छीचा बाप, खांबापाशी उभा होता. नजर आढ्याकडे. ज्याला माहीत नाही त्याला वाटलं असतं, की या माणसाचा या लेकराशी काही संबंधच नसावा. पण त्या काळी बापानं असंच असायचं. आईबापांच्या देखत आपलं लेकरू उचलायचं नाही, त्याला नावानं हाक मारायची नाही, ते रडलं तर 'पाहा गा कोणी' असं हवेत बोलून गप्प राहायचं. असा नियम कुणी घालून दिला नव्हता, पण जो मोडील तो निलाजरा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गोवर्धन याबाबतीत गावात नावाजलेला होता. सत्यवती एकदा त्याच्या पायाशीच पडून रडत होती, तर हा पठ्ठ्या तिला ओलांडून पाणी प्यायला गेला होता. 'मर्यादा पाहाची तं नत्थुजीच्या पोराची,' असं जुनी माणसं म्हणायची.

"पातूरले एक जाणता आहे," मनकर्णाबाईनं तोंड फोडलं. "दोरा देते. आपल्या खुशालरावच्या नातवाले गुण आला."

"दोऱ्यानं चाल सुधरते का माय?" मैनाबाई उसळली. "अकोल्याले मोठा डाक्टर आहे. मी नेतो वच्छीले. माझ्यापाशी राहू दे उन्हाया सरेपर्यंत. रोज दाखवीन, रोज तेल लावीन पायाले."

"उन्हाया सरेपर्यंत?" वच्छीची आई शकुन दाराआडून एकदम म्हणाली. सासऱ्यांसमोर सून इतक्या मोठ्यानं बोलत नसते, म्हणून लगेच आवाज खाली आला. "एवढं लहान लेकरू, मामाजी."

"तू चाल मंग संगं," मैनाबाई म्हणाली.

"आन् बाजार कोण करीन?" हे मनकर्णाबाई. भाजी विकण्यात शकुनचा हात धरणारं कुणी नव्हतं. भोळीभाबडी दिसायची, पण तिच्या पाटीतला सांबार, म्हणजे कोथिंबीर, आधी संपायचा आणि मग इतरांचा सुरू व्हायचा. हिवाळ्याच्या भर हंगामात तिला अकोल्याला धाडणं कुणाच्या डोक्यातही येण्यासारखं नव्हतं.

"वच्छीले काही नाही झालं," ओसरीच्या पायरीवर बसून करवा चोखणारी सत्यवती म्हणाली. "ते तं पाखऱ्यासंगं…"

गोवर्धनला जोराचा ठसका लागला. शकुननं झटकन पुढं होऊन सत्यवतीच्या तोंडात रेवडी कोंबली. पाखऱ्या हा घरच्या जोडीतला बैल होता, आणि बैलाचं नाव या बोलण्यात कुठून आलं, हे विचारण्याइतकं कुणाचं लक्ष चार वर्षांच्या पोरीकडे नव्हतं.

नत्थुजींनी तंबाखू तोंडात टाकली. "ने तू अकोल्याले," ते मैनाबाईला म्हणाले. मग बायकोकडे वळले. "डाक्टरले दाखवून झालं का पातूर तथून जवयच आहे. दोराही बांधून घे. उद्या सकायी गाडी जुंपू."

झालं. आतापर्यंत एकमेकींवर गुरगुरणाऱ्या मायलेकी एका क्षणात एक झाल्या. डॉक्टरही झाला, दोराही झाला, दोघींचंही खरं ठरलं. एकटी शकुन उरली. ती खांबाकडे पाहत राहिली आणि खांबापाशी उभा असलेला माणूस आढ्याकडे पाहत राहिला.

गोठ्यात गोवर्धन बैलांना कडबा टाकत होता, तिथं शकुन आली.

"आता तरी बोला."

"काय बोलू?"

"खरं ते. का पोट्टी झोयीत नसते, तुमच्यापाशी असते."

गोवर्धननं कडब्याची पेंढी उगाच उलटीपालटी केली. "बाबासमोर सांगू? का मी पोट्टीले पोटाशी बांधून मोट हाकतो? माय तं इहिरीचं नाव आयकूनच खाली बसन. आन् बाबा…" त्यानं पेंढी बैलांपुढं टाकली. "तू सांग नं."

"मी सांगितलं तं ते चाडी होते. तुमी सांगितलं तं बापाचं बोलणं होते." शकुनचे डोळे भरून आले होते आणि त्याचाच तिला राग येत होता. "नसन बोलायचं तं नका बोलू. उद्या तुमीच जुंपा गाडी, तुमीच पोचवून द्या. मंग मोटेवर कोणाचे अंगठे धरन ते?"

ती गेली. गोवर्धन तिथंच जोडीतल्या दुसऱ्या बैलाच्या, चांद्याच्या, पाठीवर हात ठेवून उभा राहिला. चांद्या निमूट खात होता.

सुरुवात दसऱ्याच्या सुमारास झाली होती. शकुन मेथी खुडत होती, बाभळीला बांधलेल्या झोळीत वच्छी बेंबीच्या देठापासून ओरडत होती. वावरात दुसरं कुणी नव्हतं. एक मोट होईस्तोवर घेतो म्हणून गोवर्धननं तिला उचललं आणि उपरण्यानं पोटाशी घट्ट बांधलं. बैल उतारावरून खाली निघाले, तसा तो रोजच्यासारखा नाड्यावर, मोटेच्या ताणलेल्या जाड दोरावर, बसला, आणि ते लेकरू असं खिदळलं की विहिरीत घुमलं. शकुन धावत आली, भांड भांड भांडली. पण उपरण्याची गाठ तिनंच ओढून पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी झोळी बांधायला ती विसरली.

तेव्हापासून रोजचं तेच. उतरताना वच्छी बापाच्या पोटाशी नाड्यावर बसायची. मोट वर येऊन थारोळ्यात पाणी धबाधबा पडलं की टाळ्या पिटायची. मग बैलांनी धावेवरून, म्हणजे त्याच उतारावरून, मागं मागं वर चढायचं, मोट पुन्हा विहिरीत सोडायला. गोवर्धन तेव्हा बैलांच्या पाठीमागं असायचा, कासरा कोपराला अडकवलेला, मागं सरत. उपरण्याचं एक टोक त्याच्या कमरेला, दुसरं वच्छीच्या. तिला तो दोन्ही पायांमध्ये उभी करायचा, तिच्या मुठीत त्याचे दोन अंगठे. "सर मांगं, राजा, सर मांगं." बैल मागं, बाप मागं, लेक मागं. खाली जायचं ते बसून आणि वर यायचं ते उलटं. पोर चालायला शिकली ती अशी. सरळ चालण्याची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.

बापाला दादा म्हणणारी सत्यवती पाण्याच्या पाटाच्या कडेला बसून चिखलाच्या भाकरी थापायची. "दादा, भाकर घ्या."

"कशासंगं खाऊ?"

"मुया देतो नं." मग खरोखरीचा मुळा उपटून आणायची. तिचे प्रश्न संपायचे नाहीत. "दादा, पाणी खालीच काहून जाते?"

"त्याले वांगे पाह्यचे असते."

"मंग वांगे पाहून वापस काहून नाही येत?"

"वांग्यानं ठेवून घेतलं. पाहुणचार."

हे उत्तर सत्यवतीला पटायचं. ती उठून वांग्यांच्या वाफ्यात जायची आणि वाकून पाण्याला विचारायची, जेवलं का. गोवर्धनला तेव्हा असं वाटायचं, की सुख सुख म्हणतात ते हेच असावं, आणि ते आपल्याला बांधाच्या आत तरी मिळालं. भाजीच्या पाट्या भरल्या की तो वच्छीला शकुनच्या कडेवर द्यायचा. बांध ओलांडला की तो दोन पोरींना न ओळखणारा माणूस व्हायचा. सत्यवतीला हा सगळा लपाछपीचा खेळ वाटे. वावरातला दादा वेगळा आणि घरातला दादा वेगळा. घरातल्याशी बोलायचं नाही, बोललं की डाव गेला. ती कधी चुकायची नाही. आज मात्र ओसरीवर चुकता चुकता राहिली होती.

सकाळी मनकर्णाबाई गाठोडं बांधायला बसली आणि तिचा निश्चय डळमळायला लागला. गाठोडं इतकं लहान झालं. एवढंसं सामान आणि एवढंसं माणूस. "आठ दिवसानं नाही का चालणार वं मैने?" तिनं विचारून पाहिलं.

"आता कायले? बाबानं सांगितलं नं." मैनाबाई आपल्या पेटीतून झबली काढून गाठोड्यावर रचत होती. "घरचे कपडे नका देऊ. मी शिवून आणले आहेत."

मनकर्णाबाईनं एक झबलं उचलून अंगठ्यानं मापलं. मग दुसरं. मग तिसरं. "हे तं दोन वर्षाच्या पोट्टीचं आहे. आन् हे अडीचचं. आन् तुले कालपर्यंत माहीतही नव्हतं का लेकरू उलटं चालते."

मैनाबाईचा हात थांबला. अकोल्याच्या तिच्या घरात सगळं होतं. मालकाचं फळांचं दुकान होतं, माडी होती, दारात नळ होता. मुलं मोठी होऊन एक नागपूरला आणि एक सासरी गेली होती. दुपारी त्या माडीवर घड्याळाशिवाय कुणी बोलत नव्हतं.

"घरात आवाज नाही वं माय," ती म्हणाली. नेहमीचा दरारा कुठल्या कुठं गेला होता. "लुटीच्या निमित्तानं मागून घेईन म्हणलं होतं. चार महिने. मंग हे निघालं, तं मले वाटलं, देवानंच दिलं."

दारात उभ्या शकुननं हे ऐकलं. कालपासून नणंदेवर ती मनातल्या मनात जळत होती, तो राग तिथल्या तिथं विरला. ती आत आली आणि झबल्यांच्या घड्या घालू लागली. "बाई, चैत्रात वावराचं काम सरते," ती खालमानेनं म्हणाली. "दोघी पोट्ट्या घेऊन मी येतो तुमच्याकडं. पाह्यजे तितके दिवस ठेवून घ्या. पण आज एकटीले नका नेऊ."

"मंग चालीचं काय?" मनकर्णाबाई म्हणाली, पण तीही आता कुणाच्या बाजूची होती हे तिला स्वतःलाच सांगता आलं नसतं.

तेवढ्यात बाहेर बैलांच्या गळ्यातल्या घाटी वाजल्या. गोवर्धन जोडी घेऊन अंगणात आला होता. गाडी समोर उभी होती, जू तयार होतं, पण तो बैल जुंपेना. दोन्ही कासरे धरून नुसता उभा राहिला. ओसरीवरून नत्थुजींनी विचारलं, "काहून गा? ऊन चढून राह्यलं."

"बाबा, पोट्टीले काही झालं नाही."

"तुले काय माहीत?"

"मीच शिकवलं तिले चालाले."

मैनाबाई वच्छीला कडेवर घेऊन बाहेर आली होती, ती उंबऱ्यातच थबकली. गोवर्धनचे कान लाल झाले होते. पण आता बांध फुटला होता. त्यानं सगळं सांगितलं. झोळी, उपरणं, नाडा, अंगठे, सगळं. बोलताना नजर वर केली नाही, पण एक शब्द गाळला नाही.

"इहिरीवर!" मनकर्णाबाईनं कपाळावर हात मारला. "माझ्या नातीले इहिरीच्या काठावर! तुले लाज नाही वाटली?"

"वाटली नं माय. म्हणूनच तं सांगितलं नाही."

"मी तं सांगतच होतो," सत्यवती पायरीवरून ठसक्यात म्हणाली. "मले रेवडी दिली."

"खोटं नसन कशावरून?" मैनाबाईनं विचारलं. तिला अजून आशा होती, आणि अजून भीतीही होती.

गोवर्धन वळला. बैलांच्या मागं जाऊन उभा राहिला, कासरा जरासा ओढला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "सर मांगं, राजा, सर मांगं."

पाखऱ्या आणि चांद्या मागं सरले. मैनाबाईच्या कडेवर वच्छी वळवळली, खाली उतरली, गर्रकन पाठ फिरवली आणि त्या दोन बैलांच्या रांगेत, त्यांच्याच ठेक्यात, मागं मागं चालू लागली. अंगणभर तिघं असे शिस्तीत मागं सरले. बैल थांबले, ही थांबली नाही. तिची पाठ बापाच्या नडग्यांना टेकली तेव्हा कुठं ती त्याच्या पावलावर ऐसपैस बसली आणि वर हात करून अंगठे शोधायला लागली.

आधी शकुन हसली. मग मनकर्णाबाईला हसू आवरेना. रडणं आणि हसणं एकदमच आल्यामुळं ती जात्यावर टेकली. कुंपणापलीकडून आशाबाईचंही डोकं वर आलं होतं. "अवं माय, हे तं बैलासारखी चालते!" असं म्हणून तीही हसली, आणि गावात काय सांगायचं ते तिथंच बदललं. मैनाबाईनं पदरानं डोळे पुसले. "जाऊ दे," ती शकुनला म्हणाली. "पण चैत्रात आली नाहीस तं पाह्य."

नत्थुजी हसले नव्हते. ते नातीकडे एकटक पाहत होते.

"मंग इतक्या जणाईनं बोलावलं तरी सरळ काहून नाही येत?" त्यांनी विचारलं. नत्थुजींनी तंबाखूची डबी उघडली, तशीच बंद केली. जन्मभर त्याच धावेवर ते बैलांच्या मागं चालले होते. "ज्याच्याकडं तिले जायचं असते, तो तिच्या मांगंच असते," ते सावकाश म्हणाले. "समोर तो कधी आलाच नाही. मंग लेकरानं समोर जावं कोणासाठी?"

गोवर्धननं खाली मान घातली.

"बैल बांध. आन् समोर ये तिच्या."

"बाबा…"

"समोर ये म्हणलं नं."

गोवर्धननं बैल खुंटीला बांधले. शकुननं वच्छीला अंगणाच्या मध्ये उभी केली. तो तिच्यासमोर आला, उकिडवा बसला आणि आता हातांचं काय करायचं हे त्याला कळेना. ते गुडघ्यांवर ठेवले, मग काढले. आई पाहत होती, बहीण पाहत होती, कुंपणावरून आशाबाई पाहत होती, आणि ओसरीवर बाप.

"बोलाव तिले."

"वच्छे," गोवर्धन म्हणाला. या अंगणात हे नाव त्यानं पहिल्यांदा उच्चारलं. मग जरा मोठ्यानं पुन्हा म्हणाला, "वच्छे, ये."

ओळखीचा आवाज ऐकून वच्छीनं सवयीनं पाठ फिरवली. एक टाच मागं टाकली आणि थांबली. हा आवाज कधी समोरून येत नसे. तिनं खांद्यावरून वळून पाहिलं. बापाचं अख्खं तोंड तिला दिसलं, आणि त्या तोंडावर असं काही होतं की तिला ते बघतच राहावंसं वाटलं. पाठ करून ते दिसणार नव्हतं. ती वळली. दोन्ही हात पसरले, एक पाऊल पुढं टाकलं, दाणकन हातांवर पडली. मैनाबाई पुढं झाली, तिला मनकर्णाबाईनं दंडाला धरून थांबवलं. वच्छी आपली आपण उठली. मग तिनं पाऊल पुढं टाकलं, आणखी एक टाकलं, आणि मग पावलंच तिला घेऊन निघाली, वेडीवाकडी, घाईघाईनं, समोर.

ती त्याच्या छातीवर येऊन आदळली. गोवर्धनचे हात वर झाले आणि तसेच हवेत राहिले. त्यानं ओसरीकडे पाहिलं.

नत्थुजी भिंतीला धरून उठले होते. गुडघे कुरकुरत असतानाही ते पूर्ण वळले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"उचल," ते भिंतीला म्हणाले. "मी पाहून नाही राह्यलो."

गोवर्धननं लेकीला उचललं. पोटाशी नाही, बांधून नाही, वर, खांद्याच्या बरोबरीनं, उघड. वच्छीनं त्याचे दोन्ही कान धरले. पायरीवरची सत्यवती डोळे विस्फारून पाहत होती; घरातला दादा आणि वावरातला दादा एकच झाल्याचं तिला दिसत होतं. ती धावत आली आणि त्याच्या धोतराला बिलगली. त्यानं दुसऱ्या हातानं तिलाही जवळ ओढलं.

नत्थुजी अजून भिंतीकडेच पाहत होते. तिथं पाहण्यासारखं काही नव्हतं, शेणानं सारवलेली भिंत होती.

"बाबा," गोवर्धन म्हणाला.

"काय गा?"

"पाहा नं इकडं."

नत्थुजी लगेच वळले नाहीत. उपरण्याच्या टोकानं त्यांनी डोळे पुसले, ते सगळ्यांना दिसलं. मग ते वळले, आणि दोन लेकी घेऊन उभ्या असलेल्या आपल्या लेकाकडे त्यांनी सगळ्यांच्या देखत पोटभर पाहून घेतलं.